एचओ मालगाडीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाघिणी एकत्र चालतील का?

तुमचा प्रश्न असा: एचओ मापाची (खऱ्याच्या १:८७ प्रमाणातली मॉडेल रेल्वे) पहिली मालगाडी जोडायची आहे, दहा-बारा वाघिणी (मालडबे) हव्यात, तर बाखमन, अॅथर्न, अॅक्युरेल, कॅडी यांतल्या कोणाच्या घ्याव्यात आणि सरमिसळ चालेल का.

चालेल. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर चौघांच्याही वाघिणी एकाच रेकमध्ये (जोडलेल्या गाडीत) धावतात. पण खोक्यातून काढल्या आणि रुळावर ठेवल्या, असं झालं नाही. माझी पहिली बारा वाघिणींची गाडी दर फेरीला त्याच वळणावर उतरायची. दोनदा रूळ उखडून नव्याने बसवले. दोष रुळाचा नव्हताच. इंजिनाच्या लगेच मागे एक रिकामी सपाट वाघीण होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर जेमतेम ५५ ग्रॅम! मागच्या अकरा वाघिणींच्या ओढीने ती वळणाच्या आतल्या बाजूला कलंडत होती.

म्हणून रंग-अक्षरं बघण्याआधी वजन बघा. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस आहे: एचओ वाघिणीला १ औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला साडेपाच ग्रॅम. चाळीस फुटी बंद वाघीण मॉडेलमध्ये साधारण १४ सेंटिमीटर भरते, म्हणजे तिला १०५ ग्रॅमच्या आसपास वजन हवं. कमी पडलं तर टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायला चिकटवतात ती शिशाची वजनं आणा आणि आत, तळाशी, मधोमध चिकटवा. आधी लोहचुंबक लावून बघा. लोखंडी निघाली तर नको, कारण पुढे रुळाखाली कपलर (दोन वाघिणी जोडणारे आकडे) सोडवायचे चुंबक बसवलेत तर वाघीण तिथे हिसका खाईल.

दुसरी गोष्ट कपलर, आणि खरा फरक इथेच आहे. कॅडीचा ५ नंबरचा कपलर धातूचा, बाकीच्यांकडे बऱ्याचदा प्लास्टिकचा येतो. चार-पाच डब्यांना प्लास्टिक पुरतं. लांब गाडीत, त्यातही आमच्या मे महिन्यातल्या माळ्यावर, त्याचा दांडा हळूहळू खाली झुकतो आणि चढावर गाडी मधूनच सुटते. मी सगळीकडे कॅडीचे बसवले. अॅथर्नच्या जुन्या निळ्या खोक्यातल्या किटमध्ये शिंगवाले (जुन्या पद्धतीचे, कॅडीशी न जुळणारे) कपलर असत, ते बदलावेच लागतात. बाखमनच्या जुन्या, स्वस्त वाघिणींत कपलर थेट बोगीला (वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीला) जोडलेला असतो. गाडी मागे ढकलली की बोगी तिरकी होऊन उतरते. सांध्यांवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे) शंटिंग करायचं असेल तर त्या घेऊच नका.

चाकं शक्यतो धातूची. प्लास्टिकच्या चाकांवर काळी राप लवकर बसते.

मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी वाघीण कोणी स्वस्तात देऊ केली तर थांबा. त्यांच्या तीन रुळी पद्धतीत चाकं इन्सुलेटेड नसतात, आपल्या दोन रुळांवर ठेवताच शॉर्ट होईल.

मी तुमच्या जागी असतो तर आधी कॅडीची एकच पीएस-१ (पुलमन-स्टँडर्डच्या नमुन्याची) बंद वाघीण आणि त्यांचाच कपलरची उंची मोजायचा गेज घेतला असता. मग अॅक्युरेलची किट. ती स्वतः जोडायची असल्यामुळे छप्पर बसवण्याआधी आत वजन घालता येतं. प्रत्येक नवी वाघीण आधी काट्यावर, मग गेजवर, मग रेकमध्ये. आणि हलकी असेल ती इंजिनामागे न लावता शेवटी लावा.