गेम पीसी आणि कन्सोल दोन्हींवर आणायचा असेल, तर कंट्रोल्स आधी कीबोर्डसाठी ठरवावेत की कंट्रोलरसाठी?

तुम्ही लिहिलंय की थर्ड-पर्सन (पात्र पाठीमागून दिसणारा) अ‍ॅक्शन गेम बनवताय, सध्या सगळं कीबोर्ड-माउसवर चालतंय आणि ‘कंट्रोलरचं शेवटी मॅप करून टाकू’ असं टीमचं म्हणणं आहे. माझं मत सरळ आहे: आधी कंट्रोलर. ज्या गेमचा जीवच कर्सरमध्ये असतो, म्हणजे स्ट्रॅटेजी, शहर उभारणी वगैरे, त्यांची गोष्ट वेगळी. तुमचा त्यातला नाही.

‘शेवटी मॅप करू’ म्हणणाऱ्यांना वाटतं की फरक फक्त बटणांचा आहे. बरं, बटणंच मोजू. नेहमीच्या कंट्रोलरवर समोरची ४, वरच्या कडेला तर्जनीने दाबायचे बंपर २ आणि ट्रिगर २, डी-पॅडच्या (अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणाच्या) दिशा ४, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक दाबून मिळणारी २ आणि मेनूची २, अशी १६ होतात. ऐकायला भरपूर आहेत. पण उजवा अंगठा एकच, आणि तो उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवत असेल तोवर समोरच्या चारपैकी एकही बटण त्याला दाबता येत नाही. नेम धरून असतानाच उडी मारणं कीबोर्डवाल्याच्या लक्षातही येत नाही, कारण डावा अंगठा स्पेसबारवर असतो आणि उजवा हात माउसवर. कंट्रोलरवर मात्र त्या उडीसाठी स्टिक सोडावी लागते आणि तेवढा वेळ नेम जिथल्या तिथे अडकतो. कित्येक शूटर गेममध्ये उडी बंपरवर नेणारा ‘बंपर जम्पर’ लेआउट असतो, तो यासाठीच.

म्हणून पहिलं काम कागदावरचं: कॅमेरा फिरवत असतानाच कोणत्या क्रिया कराव्या लागतात? त्या बंपर आणि ट्रिगरवर जातील, बाकीच्या समोरच्या बटणांवर. कीबोर्डपासून सुरुवात केली की ही यादी कुणी करतच नाही, कारण कीबोर्ड कधी नाही म्हणत नाही. शस्त्रं १ ते ९ वर, डोकावणं क्यू आणि ई वर, टॉर्चला आणखी एक की. मग शेवटी हे सगळं गोल मेनूत आणि ‘दाबून धरा’मध्ये कोंबायची वेळ येते, आणि खेळताना ते जाणवतं.

दुसरा फरक खोलवरचा आहे. माउस जितका सरकवाल तितका कॅमेरा वळतो. स्टिक वळण्याचा वेग ठरवते, आणि त्या वेगाला कमाल मर्यादा असते. माउसवाला एका झटक्यात मागे वळून बघतो. स्टिकवाल्याला वाट बघावी लागते. त्यामुळे पाठीमागून येणारा शत्रू दोघांसाठी एकच नसतो. एकावेळी किती जण घेरतील, हल्ल्याआधी इशारा किती लवकर मिळेल, हे सगळं स्टिकवर बसून ठरवावं लागतं. लेव्हल तयार झाल्यावर हे बदलायचं म्हणजे लेव्हलच पुन्हा बनवणं. नेमाला मदत म्हणून २००१ च्या हेलो या शूटर गेमपासून चालत आलेली युक्ती, म्हणजे क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) लक्ष्यावर आला की तो जरा मंदावणं, जरूर वापरा. फक्त ती प्लॅटफॉर्म बघून नको, हातात काय आहे ते बघून सुरू करा. पीसीवरही लोक कंट्रोलर जोडतात. स्पर्धात्मक शूटरवाले या मदतीवरून सतत भांडत असतात. तुमचा गेम एकट्याने खेळायचा असेल तर त्या भांडणात पडूच नका.

चालण्याच्या बाबतीत मात्र उलटं आहे, तिथे कीबोर्डच गरीब. की दाबलेली असते किंवा नसते, आणि दिशा आठच. स्टिकला कोणताही कोन आणि हळूपासून जोरात कोणताही वेग मिळतो. स्टिक अलगद ढकलून दबकत चालायचं असेल, तर कीबोर्डला त्यासाठी वेगळी की द्यावी लागेल. कॅमेरा स्थिर असलेल्या प्रसंगात अरुंद फळी स्क्रीनला ३० अंशांत तिरकी ठेवलीत, तर कीबोर्डवाला खालीच पडणार. आणि दोन की एकदम दाबून तिरकं चालताना वेग १.४१ पट होत नाही ना, हेही बघा.

डेड झोन, म्हणजे स्टिकच्या मधोमधचा हलकी हालचाल दुर्लक्षित करायचा भाग, आडव्या आणि उभ्या अक्षाला वेगवेगळा लावू नका. तसं केलं की स्टिक सरळ रेषांना चिकटल्यासारखी वागते. मधून किती अंतर ढकलली आहे त्यावर गोल डेड झोन लावा आणि त्याच्या कडेपासून मूल्य शून्यापासून सुरू होऊ द्या. एक्सइनपुटमध्ये (विंडोजवर कंट्रोलर वाचण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ३२७६७ पैकी ७८४९, म्हणजे जवळजवळ पाव अंतर आहे. मला तो जास्त वाटतो. सेटिंग्जमध्ये खेळणाऱ्यालाच बदलू द्या.

‘नुसतं मॅपिंग’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला डायब्लो ३ दाखवा. २०१२ मध्ये पीसीवर तो माउसने क्लिक करून चालण्याचा गेम होता. २०१३ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा पात्र थेट स्टिकने चालू लागलं आणि मोकळ्या झालेल्या उजव्या स्टिकवर चुकवण्याची उडी आली.

बाकीचं भराभर. कोडमध्ये कीची नावं न लिहिता क्रियांची नावं वापरा. युनिटी, अनरियल, गोडो या तिन्ही गेम इंजिनांत त्याची सोय आहे. हालचालीच्या की अक्षरावरून नाही, जागेवरून ओळखा. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यू-ए-एस-डीच्या जागी झेड-क्यू-एस-डी असतात. डावी-उजवीकडे नेणाऱ्या ए आणि डी एकदम दाबल्या तर काय व्हावं, हे आधीच ठरवा, कारण स्टिकवर तो प्रश्नच येत नाही. होकाराचं बटण त्या त्या कन्सोलच्या रिवाजाप्रमाणे ठेवा: निन्टेन्डोचं ए उजवीकडे असतं, एक्सबॉक्सचं खाली. स्क्रीनवरची बटणांची चित्रं शेवटी वापरलेल्या उपकरणाप्रमाणे बदलू द्या, पण स्टिक ठराविक मर्यादेपलीकडे हलली तरच. नाहीतर झिजलेली स्टिक टेबलावर पडल्या पडल्या सिग्नल पाठवत राहते आणि माउसने खेळणाऱ्यासमोर चित्रं लुकलुकत बसतात.

गेमची आत्ता आहे त्या बिल्डवर (चालू आवृत्तीवर) आताच कंट्रोलर जोडा, कीबोर्ड बाजूला ठेवून पहिली लेव्हल खेळा आणि उजवा अंगठा स्टिकवरून कुठे कुठे उचलावा लागला तेवढंच टिपून ठेवा. कोणत्या क्रिया हलवायच्या आणि कोणत्या काढूनच टाकायच्या, ते त्या टिपणावरून ठरवता येईल.