डिप्लोमाला ८५ टक्के, डिग्रीत एम-थ्री नापास: मुलाला काढून घ्यावं का?

हिवाळी परीक्षेचे निकाल लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे फोन सुरू होतात आणि त्यातले बरेच एकाच धाटणीचे असतात. ‘मॅडम, डिप्लोमाला पोराला ८५ टक्के होते. थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला घातला आणि पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिले. डिग्री झेपत नाही का त्याला? काढून घ्यावं का?’

निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नका, एवढं मी फोनवरच सांगून टाकते. बाकीचं बोलायला मुलाला समोर बसवावं लागतं. नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फोन आईचा होता. पोरगं रात्रभर जागं असतं, जेवायला बसलं की ताटात बोटं फिरवत राहतं, आणि कॉलेजला म्हणून निघतं ते नक्की कुठे जातं कळत नाही. वडील अंबडला एका कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करतात. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, असं आईने दोनदा बजावलं.

तो आला तेव्हा अगदी व्यवस्थित बोलला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, वर्गात पहिल्या तिनात. डिग्रीत मात्र एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, आणि ॲनालॉग-डिजिटल हा इलेक्ट्रॉनिक्सचा विषय राहिले. ‘बारावीवाल्या पोरांचं डोकंच वेगळं असतं, मॅडम. आपलं पाठांतराचं होतं, ते उघडं पडलं.’ हे वाक्य तो इतक्या सहज म्हणाला की कितीदा मनात घोळवलं असेल याचा अंदाज आला. कॉलेजच्या वेळेत तो गंगापूर धरणाकडे जाऊन बसायचा. धरणाचं नाव निघाल्यावर मी जे विचारायचं ते सरळ विचारलं: जीव द्यावासा वाटतो का? तो दचकला, म्हणाला, ‘नाही, तिथे कुणी ओळखीचं भेटत नाही म्हणून जातो.’ पालकांना हा प्रश्न तोंडातून काढायची भीती वाटते, विचारलं तर त्याच्या डोक्यात येईल असं वाटतं. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. उत्तर ‘हो’ असेल किंवा नुसतं गप्प राहणं असेल, तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीला मी त्याला कॉलेजच्या टेस्टचा तपासलेला एम-थ्रीचा पेपर आणायला सांगितला. मला इंजिनिअरिंगच्या गणितातलं ओ की ठो कळत नाही. तरी पेपर टेबलावर पसरला आणि एकच गोष्ट बघत गेले, प्रत्येक उत्तर कुठे थांबतं. पहिल्या प्रश्नात पाऊण पान स्वच्छ अक्षरात, पायरीखाली पायरी, आणि मग तो लांबुळका एस काढून पुढे कोरं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात त्या एसपुढे काहीतरी खोडलेलं.

‘हे काय आहे?’

‘इंटिग्रेशन.’

‘सगळी उत्तरं इथेच का थांबतात?’

तो पेपरकडे बघत राहिला. मग त्याने मला ते गणित समजावलं. डी स्क्वेअर प्लस फोर असलेलं समीकरण, उजवीकडे टॅन टू एक्स. पद्धत त्याला पाठ होती, अर्ध्याहून जास्त गणित बरोबर होतं. शेवटी साइन टू एक्स गुणिले टॅन टू एक्सचं इंटिग्रेशन राहिलं आणि गाडी अडली. मी म्हटलं, घरी जाऊन कुणाला तरी विचार. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. टॅनच्या जागी साइन भागिले कॉस घ्यायचं, मग वर साइन स्क्वेअर येतो, त्याच्या जागी वन मायनस कॉस स्क्वेअर लिहायचं, की दोन सोपी पदं उरतात. साइन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर बरोबर एक. हे दहावीचं आहे. मेसेजच्या शेवटी त्याने कपाळावर हात मारणारा इमोजी टाकला होता. त्याच्याकडून आलेला तो पहिला विनोद.

आता हे असं का होतं, ते पालकांनी नीट समजून घ्यावं. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या मुलाचं गणित पहिल्या वर्षात, बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये आटोपतं. पुढची दोन वर्षं मशिन, स्विचगिअर, वायरिंग, प्रोजेक्ट. गणिताचा हात सुटतो. डिग्रीचं पहिलं वर्ष तर त्याने केलेलंच नसतं, म्हणजे एम-वन आणि एम-टू त्याच्या आयुष्यात आलेच नाहीत. एम-थ्री मात्र ते दोन्ही झालेत असं धरूनच चालतो. त्यात थेट दुसऱ्या वर्षाचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, लांबतात. डिप्लोमावाली मुलं वर्गात येऊन बसेपर्यंत पहिलं युनिट बऱ्याचदा उरकत आलेलं असतं आणि पाठोपाठ इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, येते. ‘वर्गात पहिला’ असलेल्या मुलाला अशा वेळी हात वर करून ‘सर, हे मला मागचंच येत नाही’ म्हणायची लाज वाटते. मग तो मागच्या बाकावर सरकतो. बुद्धीचा प्रश्न इथे येतच नाही, मधल्या दोन पायऱ्या बांधायच्या राहिल्या आहेत. कॉलेज रोडवरच्या क्लासच्या फलकांवर शंभर पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो बघत वाढलेल्या मुलाला हे पटवणं मात्र जड जातं.

एम-थ्रीचा क्लास लावू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी बारावीचं बालभारतीचं गणिताचं दुसऱ्या भागाचं पुस्तक आण आणि इंटिग्रेशनच्या धड्यांपासून सुरू कर. ते मंडळाच्या संकेतस्थळावर फुकटही मिळतं. त्याने शेजारच्या मुलीचं जुनं पुस्तक आणलं, पण कॉलेजला नेताना त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. तेवढा मान त्याने राखून ठेवला, मीही ठेवू दिला. डिप्लोमातूनच आलेला, एक वर्ष पुढचा एक मुलगा त्याला लायब्ररीत तासभर शिकवायला तयार झाला. डिप्लोमाच्या पोरांची ही एकी मला फार आवडते, कॉलेजांनी तिला वेळ आणि खोली दिली तर माझ्याकडची अर्धी गर्दी कमी होईल.

राहिला वडिलांचा भाग. मुलाची भीती मार्कांपेक्षा तिथे जास्त होती. घरावर कर्ज, आणि पप्पांनी अंबडच्या पूर्ण शॉपला पेढे वाटलेले. मी घरी फोन करून सांगायला नकार दिला. त्याने स्वतः सांगायचं, मी फक्त खोलीत असेन, असं ठरलं. वडील पहिली पाळी करून कंपनीच्या शर्टातच आले, खुर्चीच्या टोकावर बसले. मुलगा खाली बघून एका दमात बोलून मोकळा झाला.

वडील जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘विषयच राहिलेत ना? मला वाटलं पोरगी-बिरगीचं काही लफडं आहे.’

मुलगा हसला की रडला ते सांगता येणार नाही, दोन्ही चालू होतं. वडिलांचा पुढचा प्रश्न खरा कामाचा होता: ‘वर्ष जाईल का?’

याचं उत्तर प्रत्येक पालकाने निकालाच्या दिवशीच मिळवावं, शेजाऱ्यांकडून नव्हे, कॉलेजच्या परीक्षा विभागातून. नाशिकची बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, काही आता स्वायत्त, आणि अभ्यासक्रमाचे पॅटर्नही बदलत राहतात. म्हणून आपल्या बॅचचा नियम विचारायचा. या मुलाच्या पॅटर्नमध्ये दोन विषय राहून तिसऱ्या वर्षाला जाता येत होतं, अडचण चौथ्याच्या दारात होती: तिथे दुसऱ्या वर्षाचं काही बाकी चालत नाही. मधल्या काळात प्रत्येक परीक्षेत राहिलेला विषय पुन्हा देता येतो. हे ऐकल्यावर वडील खुर्चीत मागे टेकून बसले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मार्क बघण्याचीही सोय असते. पुनर्मूल्यांकनात पैसे घालण्याआधी ती प्रत विषयाच्या शिक्षकांना दाखवावी.

काढून घ्या, असंही मी काही घरांना सांगितलं आहे. सुट्टीतही ज्याला त्या शाखेचं पुस्तक नको होतं, प्रॅक्टिकलला जीव रमत नव्हता, आणि जो दुसरं काहीतरी आधीपासून मन लावून करत होता, अशा मुलाला तीन वर्षं रेटण्यात अर्थ नसतो. डिप्लोमा हातात आहेच, अंबड-सातपूरला मेंटेनन्सला डिप्लोमावाला लागतो. पण हा मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्राची डिप्लोमातली सहल आठवून टर्बाइन हॉलच्या आवाजाबद्दल दहा मिनिटं बोलला होता. नापास होण्याच्या भीतीने पळणारा आणि त्या कामाचाच कंटाळा असलेला, दोघंही ‘मला सोडायचंय’ हेच शब्द वापरतात. त्यामुळे शब्द बाजूला ठेवून मुलगा कशाबद्दल बोलताना थांबत नाही ते बघावं लागतं.

उन्हाळी परीक्षेत एम-थ्री निघाला, काठावर. ॲनालॉग-डिजिटलही निघाला. नेटवर्क ॲनालिसिस मात्र नव्याने राहिला आणि ही बातमी मला आईकडून कळली, कारण त्याने ती आधी घरी सांगितली होती. आईचा प्रश्न आता वेगळा होता: कॅम्पसला कंपन्या घेतील ना? बऱ्याच कंपन्या बाकी असलेला विषय चालवून घेत नाहीत, आधी राहून नंतर निघालेला विषय (बॅकलॉग) काही जणी चालवतात. म्हणजे मुलाखती सुरू व्हायच्या आत तो विषय काढायला हवा. नेटवर्कमध्ये लाप्लास ही गणिती पद्धत लागते आणि तिच्यातही इंटिग्रेशन येतं, त्यामुळे बारावीचं ते पुस्तक अजून परत गेलेलं नाही.