प्रिंट ऑन डिमांडवर, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून, मराठी पुस्तक स्वतः काढावं का? खर्च किती येतो, आणि लोक त्याला ‘खरं’ पुस्तक मानतात का?

मानतात. न मानणारा प्रत्येकाच्या नात्यात एखादा असतो. माझ्याकडे आमचे दाजी आहेत.

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, सातारा जिल्ह्यात. रिटायर झाल्यावर मुक्कामी गाड्यांच्या आठवणी लिहिल्या, १८४ पानं झाली. दोन प्रकाशकांना पाठवल्या. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने मजकुराबद्दल अवाक्षर न काढता, किती प्रती मी स्वतः विकत घ्यायच्या तो आकडा कळवला. म्हणून ऑनलाइन छापायचं ठरवलं. दाजी मराठीचे मास्तर, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. म्हणाले, “पाव्हणं, पैसे भरले की कुणाचंही पुस्तक निघतं. संपादकाच्या हाताखालून गेलं नाही ते नुसतं बाड.”

आता चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार.

माझा मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. कागदावर तीन वेळा मीच प्रुफं वाचली. मग घरी दुरुस्त्या करता याव्यात आणि पुढेमागे ई-बुकही काढता यावं, म्हणून नेटवरच्या एका कन्व्हर्टरमधून तो युनिकोड केला, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडेल अशा अक्षरांत आणला. त्यानंतर फक्त पानं कुठे तुटतात तेवढं पाहिलं, पीडीएफ चढवली आणि नमुना प्रत न मागवता थेट २५ प्रती मागवल्या. आईचं सहस्रचंद्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं आणि पुस्तक त्याच मांडवात द्यायचं होतं.

कन्व्हर्टरने प्रत्येक ‘ऱ्य’ चा ‘र्य’ आणि ‘ऱ्ह’ चा ‘र्ह’ केला होता. साताऱ्याच्या कंडक्टरच्या पुस्तकात ‘साताऱ्याला’ किती वेळा येईल याचा अंदाज करा. सगळीकडे ‘सातार्याला’. ‘कऱ्हाड’ चं ‘कर्हाड’. ‘वारकऱ्यांची जादा गाडी’ हे अख्खं प्रकरण ‘वारकर्यांचं’. दाजींनी मांडवात मधलंच पान उघडलं आणि वर्गात वाचावं तसं, जे छापलंय तेच स्वच्छ उच्चारून वाचलं. चाळीस माणसं हसली. आईला ऐकू कमी येतं, तीही बाकीच्यांकडे बघून हसली.

घरी येऊन बदल करायला बसलो. सगळे ‘र्य’ एका दमात ‘ऱ्य’ केले. आगाऊपणाच तो. या खेपेला नमुना प्रत मागवली म्हणून वाचलो, कारण तिच्यात डेपोचं ‘काऱ्यालय’ झालं होतं आणि महाबळेश्वरच्या घाटात ‘सूऱ्यास्त’. मग एकेक शब्द हाताने. २१२ ठिकाणं, चार रात्री.

पण दाजींना जे आजतागायत पटलेलं नाही ते इथे लिहितो. नवी पीडीएफ चढवली आणि पुढची प्रत दुरुस्त निघाली. माझं नुकसान २५ प्रतींचं. ऑफसेटला, म्हणजे नेहमीच्या छापखान्यात एकगठ्ठा, हजार छापल्या असत्या तर हजार प्रतींत शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो असतो. आमच्याकडे पूर्वी ट्रे आणि पंच होता, तिकिटं आधीच छापलेली आणि सगळा हिशोब कंडक्टरच्या गळ्यात. नंतर मशीन आलं. प्रवासी चढला की तिकीट निघतं, नाही चढला तर कागद तसाच. इतका साधा फरक आहे. दाजींचा कवितासंग्रह २००४ साली ‘खऱ्या’ प्रकाशकाने काढला, दाजींच्याच पैशाने. ५०० प्रती. निम्म्याहून जास्त ताईच्या दिवाणात आहेत, कसर लागलेल्या. त्या संग्रहात माझ्या डोळ्यांनी ‘हृदय’ तीन तऱ्हांनी छापलेलं आहे. तो संपादक कुठे बसला होता कोण जाणे. मांडवात मी हे बोललो नाही, कारण ताई समोर होती.

खर्चाचं विचारलंत. मला साध्या बांधणीची एक प्रत १५० रुपयांच्या आसपास पडली, टपाल वेगळं, किंमत ठेवली २५०. शंभर घ्या नाहीतर एक घ्या, दर फारसा उतरत नाही. त्यामुळे तीनशे प्रती हमखास खपतील अशी ओळखपाळख असेल, तर सरळ गावातल्या ऑफसेटवाल्याकडे जा, वर लिहिलेलं सगळं विसरा. दुकानदारही ही पुस्तकं सहसा ठेवत नाहीत. त्याला घसघशीत कमिशन आणि न खपलेलं परत करायची सोय हवी असते, यात दोन्ही नाही.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाला, कुणालाही पैसे देऊ नका. तो दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी फुकट देते, लेखकालाही. छपाई सेवेचा नंबर घेतलात तर प्रकाशक म्हणून नोंद बहुधा त्यांची होते. स्वतःचा घेतलात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, ३० दिवसांत. मी पाठवल्या. पैकी एकीची पोच आली, ती मी फ्रेम केली आहे. दाजी आले की बसतात त्या खुर्चीच्या बरोब्बर समोर.

आणि मागवायच्या आधी हे वाक्य तुमच्या फाइलमध्ये कुठेतरी घालून नमुना प्रत काढा: ‘कऱ्हाडच्या आचार्यांनी सूर्य उगवायच्या आत कार्यालयाच्या पायऱ्या झाडल्या.’ पाचही शब्द नीट उमटले तर वाक्य काढून टाका आणि प्रती मागवा.