गाडी उभी राहिली की खर्च कुणाचा?

फाटकापलीकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकू, आम्ही जुन्नर तालुक्यातले सहा कांदा उत्पादक. कोलकात्याचा एक दलाल म्हणतो, ढाक्याच्या आयातदाराला उन्हाळी कांद्याच्या तीन गाड्या हव्यात, बेनापोल पोच, म्हणजे सीमेपलीकडे नेऊन द्यायच्या. भाडं वजा जाता आळेफाट्याच्या बाजारापेक्षा किलोमागे चार रुपये जास्त सुटतात. ऑर्डर घ्यावी का? कागदपत्रं कोणती लागतील?

उत्तर : कागदांचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी नंबर, ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये साइटवर जाऊन तो ‘अपडेट’ करायचा, माहितीत काही बदल नसला तरी. नाही केलं तर नंबर बंद पडतो, आणि हे कळतं गाडी भरल्यावर. अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा नंबर) कस्टम्सकडे नोंद, मालाला रोग-कीड नसल्याचं फायटो सर्टिफिकेट. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज, कस्टम्स ब्रोकर भरतो. एवढ्यात कुणी बुडत नाही. माणसं बुडतात ती उभ्या गाडीत.

गाडी उभी राहते ती आपल्या हद्दीवरच्या पेट्रापोलला, म्हणजे पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, बनगावच्या पुढे, कोलकात्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर. समोर बांगलादेशाचं बेनापोल. दोन्ही देशांमधला खुष्कीचा सगळ्यात मोठा व्यापार इथून चालतो. २०१६ साली तिथे मोठं चेकपोस्ट झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये मालाच्या गाड्यांसाठी ‘मैत्री द्वार’ उघडलं. मी एकदाच गेले, २०१८ च्या जानेवारीत, पेढीने पाठवलं म्हणून. तोवर वीस वर्षं मार्केट यार्डातल्या पोटमाळ्यावर बसून मी ‘पेट्रापोल’ टाइप करत होते. डोळ्यांसमोर काहीतरी बंदरासारखं होतं. निघाला एक अरुंद रस्ता. जेसोर रोड. दोन्ही बाजूंना शंभरेक वर्षांचे रेन ट्री, रस्त्यावर कमान धरून. बघायला इतके सुंदर की झाडं तोडून रस्ता रुंद करावा की नाही हा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. त्या सावलीत ओळीने आपल्या गाड्या. एमएच बारा, एमएच पंधरा, एपी, पीबी. ड्रायव्हर गाडीखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. संगमनेरच्या एकाला विचारलं, कितवा दिवस? म्हणाला, “बाई, मोजायचं सोडलं.”

आता ‘सुविधा’ पोर्टलवर आधी स्लॉट घ्यावा लागतो, त्यामुळे रस्त्यावरची रांग कमी झाली. पण थांबणं संपलेलं नाही. आपली गाडी फाटक ओलांडून बेनापोलच्या आवारात जाते, तिथे माल उतरतो किंवा त्यांच्या ट्रकमध्ये बदली होतो, आणि आपली गाडी रिकामी परत येते. पलीकडे जागा नसली, हमाल नसले, आयातदाराने ड्युटी भरली नसली, की गाडी उभी. पुण्यापासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास पाच दिवसांत होतो. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला किती लागतील, ते दलाल तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून तुमचे चार रुपये घेऊन बसू. आकडे समजुतीचे आहेत, तुमचे घालून बघा. पंचवीस टनांची गाडी, म्हणजे चार रुपयांनी लाख रुपये जादा. कांदा बराखीतून काढून जाळीच्या गोण्यांत, ताडपत्रीखाली दहा-बारा दिवस राहिला की वजन घटतं. चार टक्के घट धरा, टनभर गेला. दर चोवीस रुपये असेल तर २४,००० गेले. खराबा दोन टक्के, १२,०००. हॉल्टिंग, म्हणजे उभ्या गाडीचं भाडं, दिवसाला अडीच हजार, आठ दिवस, २०,०००. ब्रोकर, फायटो, बँकेचे चार्जेस मिळून १५,०००. उरले एकोणतीस हजार. हे सगळं नीट पार पडलं तर. आठाचे चौदा दिवस झाले, तर हॉल्टिंगचे पंधरा हजार वाढतातच, शिवाय कांद्याला मोड यायला लागतात आणि पलीकडचा माणूस भाव पाडून मागतो. तिथे तुम्ही काय म्हणणार? माल परत आळेफाट्याला आणणार?

माझ्यावर ही पाळी आली होती. १४ सप्टेंबर २०२०, सोमवार. सरकारने कांदा निर्यात बंद केली, त्याच दिवसापासून. आमच्या चाकणच्या दोन गाड्या होत्या. एकीचे कस्टम्सचे सोपस्कार आदल्या आठवड्यातच उरकले होते, दुसरी बनगावच्या पार्किंगमध्ये. दोन्ही एकाच दिवशी निघालेल्या, एकाच शेतकऱ्याचा माल. आधी नोंदलेल्या मालाला काही दिवसांनी सूट मिळाली, पहिली गाडी गेली. दुसरी कोलकात्यात एका आडत्याला विकली. त्यात भाडंसुद्धा पूर्ण निघालं नाही. ताडपत्री सोडली तेव्हा वाफ आली, असं ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. तो वास मला इथे आल्यासारखा वाटला.

त्याच्या आदल्या वर्षीही २९ सप्टेंबरला, आणि तोही रविवारी, बंदी आली होती. त्यानंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय. सगळे हसले. पण आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हेही त्यांनी सुनावलंच. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते निम्मं झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून एकदाचं गेलं. ही झाली आपली बाजू. त्यांचा कांदा मार्च-एप्रिलला निघतो, तेव्हा आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तेही आयात परवाने रोखतात. त्यात चूक काय, आपण हेच करतो. तुमच्या आयातदाराकडे त्यांच्या कृषी विस्तार खात्याचा परवाना आहे का, आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, ते आधी मागवा. “मिळेल, मिळेल” म्हणाला तर कांदा बराखीतच राहू द्या.

एलसी, म्हणजे आयातदाराच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी, तिच्याबद्दल दोन गोष्टी. एक, त्यात माल टनांत लिहून घ्या, गोण्यांत नको. टनांत असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वजनात पाच टक्के कमी-जास्त चालतं, एलसीच्या एकूण रकमेच्या आत. ‘पाचशे गोण्या’ लिहिलं तर ही सवलत जाते आणि चारशे नव्याण्णव भरल्या तरी बँक बोट ठेवू शकते. दुसरी गोष्ट मला कुणी शिकवली नाही, चटके खाऊन कळली. त्यांच्या बँका शुक्रवार-शनिवार बंद, आपल्या रविवारी आणि दोन शनिवारी. म्हणजे दोन्हीकडच्या बँका एका वेळी उघड्या असतात त्या फक्त सोमवार ते गुरुवार. एलसीतली चूक गुरुवारी संध्याकाळी सापडली तर सोमवारपर्यंत कुणी हात लावत नाही, आणि हॉल्टिंग चालूच. त्यामुळे एलसीची प्रत हातात आल्याशिवाय, ओळ न् ओळ वाचल्याशिवाय गाडी भरायची नाही. ईद आणि दुर्गापूजा कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. फाटक कित्येक दिवस बंद असतं.

तर घ्यावी का ऑर्डर? तीन गाड्यांची नको. एक गाडी पाठवा, आणि बेनापोल पोच नाही, पेट्रापोल पोच. बंगालमधल्या एखाद्या निर्यातदाराला विका, पुढचं त्याचं त्याने बघावं. चारचे दीड रुपये होतील. आणि दलालाकडून कागदावर लिहून घ्या की तीन दिवसांपुढचं हॉल्टिंग घेणाऱ्याने भरायचं. या वाक्यावर तो काय बोलतो, त्यावरून त्याला तिथली खरी परिस्थिती किती माहीत आहे ते कळेल. तुमच्यापैकी एकाने गाडीबरोबर जावं. स्वेटर न्या, जानेवारी असेल तर.

प्रश्न : रविवार पेठेत आमचं सुकामेव्याचं दुकान आहे. एक जण फोनवर अफगाणी अंजीर फार स्वस्त देतोय. माल अटारीला पोचलाय, अर्धे पैसे आगाऊ द्या म्हणतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानच्या हद्दीवरचं अटारीचं चेकपोस्ट बंद झालं. वाटेत अडकलेल्या अफगाणी ट्रकांना मेच्या मध्यात खास सूट मिळाली, तेवढं सोडा. पाकिस्तानचा माल तर २ मे २०२५ पासून पूर्ण बंद, तिसऱ्या देशातून फिरवून आणला तरी.

अफगाणी माल विमानाने येतो, ती सोय २०१७ पासून आहे, किंवा इराणच्या बंदरातून समुद्राने. दोन्हींचा खर्च अंजिराच्या दरात दिसणारच, त्यामुळे ‘फार स्वस्त’ याच शब्दाने मला शंका आली. त्याच्याकडे बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे आयातीच्या कस्टम्सच्या कागदाची प्रत मागा. त्यावर माल कुठे उतरला आणि मूळ देश कोणता, दोन्ही लिहिलेलं असतं. प्रत देत नसेल तर फोन ठेवा. आणि हो, अंजीर पाहायचंच असेल तर दुकानात आणून, फोडून. फोटोतल्या अंजिरात अळी दिसत नाही.

प्रश्न : भोसरीत आमचं पंपाचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. नेपाळमधल्या बिरगंजच्या व्यापाऱ्याने सहा लाखांची ऑर्डर दिली आहे. डॉलरमध्ये बिल करायचं का? माल हद्दीच्या अलीकडे, रक्सौलला उतरवायचा का?

उत्तर : डॉलरची गरज नाही, नेपाळशी व्यवहार रुपयांत होतो. त्यांचा रुपया आपल्याशी बांधलेला आहे, आपल्या एकाला त्यांचे १.६०, १९९३ पासून तोच दर. त्यामुळे विनिमयाची धाकधूक नाही, जी डॉलरवाल्यांना रोज असते. पैसे बँकेतूनच घ्या, ओळखीच्या माणसाच्या हातून नको.

उतरवायची गरजही सहसा नसते. भारतीय ट्रक भन्सार म्हणजे त्यांच्या कस्टम्सला भरणा करून आत जाऊ शकतो, काठमांडूपर्यंतही. हुंडेकऱ्याशी ठरवताना ‘बिरगंज गोदाम पोच’ असंच बोला. बीजकावर प्रत्येक भागाचं नाव आणि एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) वेगळा लिहा. नुसतं ‘पंप स्पेअर्स’ लिहिलंत तर भन्सारवाला त्याच्या मनाने किंमत लावेल आणि व्यापारी तुमच्यावर चिडेल.

तुमचं पत्र श्रावणातलं आहे, म्हणून सांगते. दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, तिकडे सगळं ठप्प होतं आणि ते उरकतं तोवर तिहार, म्हणजे आपली दिवाळी. घटस्थापनेच्या आत माल रक्सौल पार होत नसेल, तर भाऊबिजेनंतरच गाडी भरा.