जानेवारीचे आकडे आणि जुलैतले पाय

ताई,

मी ४६ वर्षांची. साताऱ्यात राहते, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी करते. चाळिशीत धावायला लागले. गेल्या डिसेंबरात पुण्यात हाफ मॅरेथॉन २ तास ९ मिनिटांत झाली आणि अंगात वारं शिरलं. एक जानेवारीला आमच्या ग्रुपने प्रत्येकाचं वर्षाचं टार्गेट एका तक्त्यात लिहून व्हॉट्सॲपवर टाकलं. माझ्या नावापुढे तीन आकडे आहेत: साताऱ्याची हिल हाफ २ तास २० मिनिटांत, डिसेंबरची हाफ दोन तासांच्या आत आणि पुढच्या जानेवारीत मुंबईची फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, साडेचार तासांत.

मार्चएंडने एक महिना खाल्ला. एप्रिलमध्ये कराडला आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून शनिवार-रविवार मी कराडला. भाऊ पुण्यात असतो, त्याला जमत नाही. आठवड्याची लांब पल्ल्याची धाव, म्हणजे लाँग रन, बंदच पडले. जानेवारीत दहा किलोमीटर ५७ मिनिटांत व्हायचे, गेल्या आठवड्यात १ तास १ मिनिट लागलं. हल्ली ऑफिसचा जिना चढतानाही धाप लागते, पाळी वर्षभर मागेपुढे होते आणि जास्त जाते, पण ते वयाचंच असेल. कोच म्हणतात, ‘कारणं नकोत, टार्गेट म्हणजे टार्गेट.’ माझ्याबरोबर सुरुवात केलेली मैत्रीण, जी कायम माझ्या मागे असायची, ती दोन तासांच्या आत आली. तिचं अभिनंदन करताना माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. आकडे खाली आणले तर हरल्यासारखं वाटेल, नाही आणले तर अख्ख्या गावासमोर हसं होईल. काय करू?

— दमलेली, सातारा

प्रिय दमलेली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मार्चएंड आणि कोचच्या मधोमध दडपून टाकलं आहेस. जिना चढताना धाप लागते, पाळी जास्त जाते. आणि पुढे लगेच ‘वयाचंच असेल’ म्हणून मोकळी झालीस. बाई, जी बाई डिसेंबरात एकवीस किलोमीटर धावली, तिला जुलैत ऑफिसचा जिना जड जातो, हे वयाच्या खात्यात इतक्या सहज टाकता येत नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण धावणाऱ्या बायकांमध्ये, त्यातही पाळी जास्त जाणाऱ्यांमध्ये, लोह कमी पडणं इतकं सर्रास आहे की टार्गेटची चर्चा करण्याआधी ते बघायलाच हवं. नुसतं हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नकोस. ते ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तो कळतो फेरिटिनच्या तपासणीत. सोबत थायरॉइड आणि बी-१२ पण करून घे. स्त्रीरोगतज्ज्ञांना पाळीचं सविस्तर सांग, ‘जरा जास्त’ असं मोघम नको. किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, हे सगळं. मैत्रिणीने सांगितली म्हणून लोहाची गोळी मनाने सुरू करू नकोस. जेवणाबरोबर चहा मात्र आजपासून बंद कर, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आणि धापेबरोबर छातीत दुखणं, धडधड किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर या पत्राचं पुढचं वाचायच्या आधी दवाखान्यात जा. तोवर धावणं बंद.

आता आकड्यांकडे येऊ.

तू लेखा विभागात आहेस, म्हणून तुला हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली. तुमच्या ऑफिसात मूळ अंदाजपत्रक होतं, मग वर्षाच्या मध्यात सुधारित अंदाज होतो. एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवावा लागतो. राज्य सरकारसुद्धा मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडतं आणि पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या घेऊन उभं राहतं. तेव्हा तुमच्यातलं कोणी म्हणतं का, की सुधारित अंदाज केला म्हणजे जिल्हा परिषद हरली? उलट पाऊस पडो न पडो, मूळ आकडाच धरून बसणाऱ्या लेखाधिकाऱ्याला तुम्हीच वेड्यात काढाल. जानेवारीत आई चालती-फिरती होती, रविवार तुझा होता, दहा किलोमीटर ५७ मिनिटांत होत होते. ते आकडे त्या जमेवर लिहिलेले आहेत. जमा बदलली.

आणि ते आकडे आले कुठून, हाही प्रश्न विचारून बघ. दोन तास, साडेचार तास. दोन्ही गोल. पायांना गोल आकडा कळत नाही, तो घड्याळाला कळतो आणि ठरलेल्या वेळेचा झेंडा घेऊन पुढे धावणाऱ्या पेसरला. मॅरेथॉन संपवणाऱ्या लाखो लोकांच्या वेळा अभ्यासकांनी तपासल्या आहेत. तीन तास, साडेतीन, चार अशा आकड्यांच्या अलीकडच्या मिनिटांत गर्दी दिसते आणि पलीकडे ती एकदम ओसरते. म्हणजे गोल आकड्याची ओढ तुला एकटीलाच नाही, अख्खी जमात त्यात आहे. शेवटच्या दोन किलोमीटरला ती उपयोगीही पडते. पण वर्षाचा बेत तिच्यावर आखायचा नसतो.

तुझ्या आजच्या पायांचा आकडा काढायचा असेल तर पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं एक जुनं सूत्र आहे, १९७७ पासून धावणारे ते वापरतात. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायची. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त वाढते, हे त्याचं मर्म. त्या हिशेबाने १ तास १ मिनिटाच्या दहा किलोमीटरवरून हाफ येते साधारण २ तास १४ मिनिटं. दोन तासांच्या आत यायचं तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत, आणि त्यासाठी दहा किलोमीटर साडेचोपन्न मिनिटांच्या आसपास व्हायला हवेत. जानेवारीतल्या ५७ वरूनसुद्धा हाफ २ तास ६ मिनिटं निघते. म्हणजे तो आकडा जानेवारीतही तुझ्या तेव्हाच्या तयारीच्या पुढचा होता, वर्षभर सगळं सुरळीत गेलं असतं तर कदाचित जमला असता. कदाचित. तुझं वर्ष सुरळीत गेलं नाही.

फुलसाठी तेच सूत्र ४ तास ४० मिनिटं दाखवेल आणि तुला वाटेल, अरे, साडेचार तर जवळच आहेत. तिथे फसू नकोस. ते सूत्र असं धरून चालतं की त्या अंतराचा सराव तुझा झालेला आहे. लाँग रन नसलेल्या माणसाला ते फार तर बत्तीस किलोमीटरपर्यंत साथ देईल, पुढचे दहा किलोमीटर मुंबईच्या दमट हवेत आणि चढत्या उन्हात तुझे तुलाच काढायचे आहेत.

म्हणून माझं मत असं, आणि ते तुझे रिपोर्ट ठीक आले किंवा उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी हो म्हटलं तर.

साताऱ्याची हिल हाफ धाव, वेळ सोडून दे. तुझी फी भरलेली असेल म्हणून मी हे म्हणत नाही, फी बुडाली तर बुडू दे. तुझ्या घराजवळची शर्यत आहे, यवतेश्वरचा घाट रोजच्या पायाखालचा आहे, आणि त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून ओरडणारं गाव दुसरीकडे मिळत नाही. चढावर घड्याळ बघायचंच नाही, श्वास बघायचा: शेजारच्या बाईशी एक अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच जोर. वाक्य तुटलं की चाल. घाटात चालण्यात कमीपणा नाही, मुरलेले लोक चालतात. खरी गंमत उतारावर आहे. चढ संपला म्हणून लोक मोकाट सुटतात, आणि उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दोन दिवसांनी कमोडवर बसताना देव आठवतो तो त्याचमुळे. तेव्हा उतारावर छोटी पावलं, आणि आधीच्या आठवड्यांत चार-पाच वेळा तरी हलका उतार धावून ठेव. गावासमोर हसं होण्याचं म्हणशील, तर तिथे टाळ्या वाजवणाऱ्या आजीला तुझ्या तक्त्यातला २:२० माहीत नाही.

डिसेंबरची हाफ ठेव, आकडा आत्ता लिहू नकोस. ऑक्टोबरच्या मध्यात एक दहा किलोमीटर मनापासून धाव. साडेपंचावन्नच्या आत आलीस तर दोन तासांचा विचार करायला हरकत नाही, सत्तावन्नला आलीस तर २:०६ ते २:०९ हा चांगला बेत आहे आणि गेल्या वर्षीच्या बरोबरीचा किंवा पुढचाच आहे. साठाच्या बाहेर राहिलीस तर पेसरचा झेंडा विसरून नुसती धाव.

मुंबईच्या फुलचा निर्णय आज घ्यायचाच नाही. जानेवारीच्या मॅरेथॉनचा सोळा आठवड्यांचा सराव सप्टेंबरच्या शेवटी सुरू केला तरी चालतो. तेव्हा एवढंच बघ: मागचे चार आठवडे सलग, आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर, त्यातली एक धाव सोळा-अठराची, आणि सोमवारी ऑफिसात डोळे मिटत नव्हते, असं झालं का? झालं असेल तर धाव, साडेचारचं नाव न काढता. पहिली फुल आहे ना? पहिल्या फुलला वेळ लावून घेणं हा तक्ते बनवणाऱ्यांचा शौक आहे. झालं नसेल तर पुढच्या वर्षी. हाफ हुकली म्हणून फुलमध्ये भरून काढू, हे तेवढं करू नकोस. त्या हट्टाने लोकांना पिंढरी किंवा नडगी धरून तीन महिने घरी बसलेलं मी पाहिलं आहे.

आता तुझ्या भावाबद्दल. ‘त्याला जमत नाही’ या तीन शब्दांत एप्रिलपासूनचे सगळे शनिवार-रविवार गेले. पुण्याहून कराड काही लंडनएवढं लांब नाही. त्याला जमत नाही की त्याला स्पष्ट विचारलंच गेलं नाही? आपल्याकडे मुलगी जवळ असली की तिला कोणी विचारत नाही आणि मुलगा लांब असला की त्यालाही कोणी विचारत नाही. फोन कर, आणि ‘बघ जमलं तर’ असं म्हणू नकोस. महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुझे, तारखा सांग. त्याला अगदीच अशक्य असेल तर त्या दोन दिवसांसाठी आईजवळ बाई ठेवायचा खर्च त्याचा. वाटलं तर धावण्याचा उल्लेखही करू नकोस. तू दमली आहेस, एवढं कारण पुरेसं आहे.

उरलेल्या दोन वेळी कराडलाच धाव. आईचा चहा व्हायच्या आत कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाकडे जा, तास-सव्वा तास सपाटीवर हळू. साताऱ्याच्या चढ-उतारात राहणाऱ्या पायांना ती विश्रांतीच आहे. हायवेच्या कडेने मात्र नको. घड्याळ घरी राहिलं तरी चालेल, आईला ते उशाशी वेळ बघायला होईल.

कोचचं काय? ‘कारणं नकोत’ हे वाक्य झोपेतून उठायचा कंटाळा करणाऱ्या पंचविशीतल्या पोराला ठीक आहे. आईचं ऑपरेशन झालेल्या, लाँग रन बंद पडलेल्या बाईला ते ऐकवणाऱ्याने तुझी सरावाची वही उघडून पाहिलेली नाही. त्यांना वही दाखव. पाहून त्यांनी बेत बदलून दिला तर कोच चांगले आहेत, बोलण्याची पद्धत तेवढी वाईट. पाहूनही तेच म्हणाले तर त्यांच्याबरोबर रविवारी पोहे खायला जा, सल्ला घ्यायला नको. ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नकोस. आईचा खुबा, मार्चएंड, पाळी, यातलं काहीही तिथे मांडायचं कारण नाही. ‘माझे तिन्ही आकडे खोडा, डिसेंबरचा ऑक्टोबरात कळवते’ इतकं टाक. दोन अंगठे येतील, कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकेल आणि विषय वर सरकून जाईल. तुझा तक्ता तुझ्याशिवाय रोज कोणीच वाचत नाही.

मैत्रिणीचा हेवा वाटला, वाटू दे. त्याचं प्रायश्चित्त घेण्याइतकं ते मोठं नाही. तिने मेहनत केली असणार, तिचा वेळ तुझ्या वेळातून कापून घेतलेला नाही. बुधवारी हळू धावायला तिला बरोबर ने. बहुतेक लोकांची मोकळी धाव गरजेपेक्षा जोरात होते, तिचीही होत असेल. तुझ्यामुळे तिचा वेग आटोक्यात राहील आणि तुला बोलायला कोणीतरी मिळेल. चार किलोमीटरनंतर चेहऱ्याचं काय झालं होतं तेही सांगून टाकशील.

आधी भावाला फोन, मग लॅब. आणि एक लक्षात ठेव, रक्त द्यायला जाशील त्याच्या आदल्या दिवशी जोराचं धावू नकोस, ताप-सर्दी असेल तर आठवडाभर थांब. तशा वेळी फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसू शकतं आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून तू पुन्हा वयावर ढकलशील.

— ताई