समाविष्ट गावात रुजू होताना

सप्रेम नमस्कार,

पुणे महापालिकेत समाविष्ट गावांचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. अभिनंदन, आणि थोडी सहानुभूतीही. 2017मध्ये 11 गावं आणि 30 जून 2021ला आणखी 23 गावं शहरात आली, तेव्हा ती रिकामी नव्हती. सोसायट्या, गुंठेवारीची (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरची) घरं, गोदामं, मंगल कार्यालयं सगळं उभं होतं. राहिलं होतं ते नळ आणि ड्रेनेज. भरल्या घरात पाया खणायचं काम तुझ्या वाट्याला आलंय. इथे क्रम चुकला की पैसा दोनदा जातो. आधी जागा, मग ड्रेनेज, मग पाणी, आणि डांबर सगळ्यात शेवटी. लोक आणि पुढारी नेमकं उलट्या क्रमाने मागतील.

एका गोष्टीसाठी मात्र या क्रमाचीही वाट बघू नकोस. ती म्हणजे क्लोरीन. जानेवारी 2025मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या भागांत जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंवरचा आजार) रुग्ण झपाट्याने वाढले आणि विहिरीतून शुद्धीकरणाशिवाय नळाला येणारं पाणी चर्चेत आलं. तोवर ही गावं महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझ्या हद्दीतली प्रत्येक सार्वजनिक विहीर, टाकी आणि टँकर भरायची जागा पाहून घे. लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर एक लाख लिटरला 200 ग्रॅम लागतं. ब्लीचिंग पावडरीत 25 टक्के क्लोरीन धरलं तर पावडर 800 ग्रॅम. पोतं उघडं किंवा दमट जागी राहिलं की क्लोरीन उडून जातं, रजिस्टरवर मात्र '800 ग्रॅम टाकली' असंच दिसतं. म्हणून रजिस्टरवर विसंबू नकोस, शेवटच्या घराचा नळ तपास. पावडर टाकून अर्धा तास होऊ दे, मग ओटी चाचणी (रंगावरून शिल्लक क्लोरीन दाखवणारी) कर. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. ते नसेल तर डोस कमी पडतोय किंवा वाटेत मैलापाणी शिरतंय. पाणी बंद असताना रिकाम्या लाइनमध्ये ओढ तयार होते आणि शेजारच्या गळक्या चेंबरमधलं पाणी आत खेचलं जातं. त्यामुळे पाणी सुटल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांतला नमुना घे. तासाभराने घेतलेला नमुना बहुतेक वेळा चांगलाच येतो.

आता जागा. विकास आराखड्यावर 18 मीटरचा रस्ता रंगवला म्हणजे रस्ता मिळाला असं नसतं. रस्त्याची जमीन बऱ्याचदा मालकाच्या तोंडी संमतीवर घेतली जाते, खडी पडते, सातबारा मात्र त्याच्याच नावावर राहतो. पुढे वारस किंवा नवा खरेदीदार येतो आणि मध्येच पत्रा ठोकतो. आगाऊ ताबा घेतलास तरी संयुक्त मोजणी, हद्दीचे खांब, मोबदल्याचा निर्णय (रोख, टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क, की एफएसआय म्हणजे त्याच जागेवर जास्तीचं बांधकाम) आणि सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव, हे चारही होईपर्यंत फाइल बंद करू नकोस. आरक्षणांचंही, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागांचंही तसंच. एमआरटीपी (महाराष्ट्राचा नगररचना) कायद्याच्या कलम 127प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. शाळेची, बागेची, पंपिंग स्टेशनची जागा अशी हातची जाते आणि गावाला ते कळतसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक आरक्षणाची मुदत एका तक्त्यात मांडून ठेव.

आराखड्यांच्या वेगावर भिस्त ठेवू नकोस. पुण्याचा 1987चा विकास आराखडा बदलून नवा मंजूर व्हायला 2017 उजाडलं. 23 गावांचं तर नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि नळ-ड्रेनेज-कचरा महापालिकेकडे अशी वाटणी झाली. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडाही 2025मध्ये रद्द झाला. जिथे अजून सलग शेतजमीन उरली आहे तिथे टीपी स्कीमसाठी (जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडणारी नगररचना योजना) आग्रह धर. मालकाला रस्त्यालगतचा चौकोनी भूखंड परत मिळतो आणि रस्ते, सोयी यांची जागा एकदमच मोकळी होते. ज्याला जमिनीची किंमत कळते तो शेतकरी हे लवकर समजतो. फक्त त्याला तक्त्यावर स्वतःचा गट नंबर दाखवायला हवा.

ड्रेनेजचं गणित सोपं आहे, अंमलबजावणी नाही. 10,000 वस्तीला माणशी 135 लिटर धरलं तर रोज साडेतेरा लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या 135 खेपा. त्यातलं 80 टक्के, सुमारे अकरा लाख लिटर, मैलापाणी म्हणून बाहेर येणार. ते कुठे जाणार हे ठरल्याशिवाय नवी नळजोडणी दिलीस तर तू ओढा भरत आहेस. लाइन खालच्या टोकाकडून, जिथे मुख्य वाहिनीला मिळते तिथून वर टाकत ये. निधी आला म्हणून वरच्या गल्लीत दोनशे मीटर टाकायचे आणि तोंड ओढ्यात सोडायचं, ही सगळ्यात जुनी चूक आहे. 150 मिलिमीटरच्या पाइपला शंभर मीटरमागे साधारण 60 सेंटिमीटर उतार हवा. कमी पडला तर गाळ बसतो. पाण्याची आणि मैल्याची लाइन तीन मीटर लांब ठेवावी असं पुस्तकात आहे. दहा फुटी गल्लीत ते होत नाही. तिथे दोन्ही लाइन गल्लीच्या दोन कडांना टाक, पाण्याची वर आणि मैल्याची खाली.

त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना 'अनधिकृत' म्हणून गणनेतून वगळू नकोस. गुंठा-दोन गुंठे साठेखतावर किंवा नोटरीवर घेऊन माणसाने आयुष्याची पुंजी त्यात घातलेली असते. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा 2001चा. 2021च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. कोणाला अर्ज करता येईल, कोणाचं घर आरक्षणात आहे, हे आधी तपासून सांग. खोटी आशा दाखवणारे एजंट तिथे आधीच फिरत असतात.

वस्ती मोजताना दारं मोजू नकोस, चुली मोज. एका दारामागे सहा खोल्या आणि सहा भाडेकरू कुटुंबं असतात, आणि घरमालक कराच्या भीतीने ती लपवतो. पाहणी रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर कर. दिवसा सगळे कामावर असतात. अंगणवाडी, रेशन दुकान, शौचालय यांची मागणी या आकड्यावर ठरते, म्हणून तो चुकला की त्रास नेमका भाडेकरूंना होतो. चौकातल्या हातगाड्यांचंही तसंच. 2014च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात. आधी गाड्या उचलल्या आणि मग सर्वेक्षण केलं तर प्रकरण कोर्टात जातं, चौक तसाच राहतो.

कराबद्दल थोडक्यात. बिलं सोयींच्या आधी पोचली की लोक शहर नको म्हणतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेबाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली, त्यामागे कराची तक्रार मोठी होती.

आणि ओढे. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन माणसं वाहून गेली. जुना गावनकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवून ओढा कुठे अरुंद केलाय, कुठे वळवलाय ते मे महिन्यात चालत जाऊन बघ. पाइपच्या मोऱ्या प्लास्टिकने आणि गवताने तुंबतात; दुरुस्तीचा विषय निघेल तिथे चौकोनी पेटीची मोरी माग. पहिला मोठा पाऊस झाला की लगेच जा आणि पाणी कुठल्या भिंतीला कितपत चढलं तिथे खूण करून ठेव. ऑइलपेंटने, खडू टिकत नाही.