एका दात्याचं क्रायो की हजारो दात्यांचं फॅक्टर 8?

ताई, मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर 8 हे प्रथिन कमी आहे, आणि औषध म्हणून मिळणारं फॅक्टर 8 हजारो दात्यांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रव भागातून) बनतं, मग एकेका दात्याचं क्रायो (गोठवलेला प्लाझ्मा वितळवून वेगळा काढलेला, फॅक्टर 8 असलेला भाग) जास्त सुरक्षित नाही का, असं तुम्ही विचारलंय. ही भीती उगाच नाही. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या फॅक्टरमधून हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला. पण आता हिशेब उलटा आहे.

क्रायोच्या पिशवीत साधारण 80 ते 100 युनिट फॅक्टर 8 असतं. 20 किलोच्या मुलाची पातळी 50 टक्क्यांवर न्यायला 500 युनिट लागतात, म्हणजे एका वेळीच पाच-सहा दाते. मूल मोठं होईपर्यंत किती होतील बघा! शिवाय क्रायोवर सहसा विषाणू मारण्याची प्रक्रिया होत नाही. सगळी भिस्त दात्याच्या तपासणीवर, आणि अगदी नुकता संसर्ग झालेला दाता नॅट चाचणीतूनही (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीतूनही) निसटू शकतो.

फॅक्टर 8 वर मात्र ही प्रक्रिया होते, आणि मी प्लाझ्मा प्लांटमध्ये विषाणू मारण्याच्या याच टप्प्यावर काम करतो. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी या विषाणूंना चरबीचं आवरण असतं, ते सॉल्व्हंट-डिटर्जंट या रसायनांच्या मिश्रणाने फाटतं. त्याआधी द्रावण गाळून घेतो, कारण गुठळीत लपलेल्या विषाणूपर्यंत रसायन पोचत नाही. रसायन मिसळलं की द्रावण दुसऱ्या टाकीत नेऊन तिथे ठरलेले तास ठेवतो. पहिल्या टाकीच्या झाकणाला चिकटलेला, रसायन न लागलेला एखादा थेंबही पुढे जाता कामा नये, म्हणून.

हेपटायटिस ए आणि पार्व्हो बी19 या विषाणूंना आवरणच नसतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत फक्त सॉल्व्हंट-डिटर्जंट केलेल्या फॅक्टरमधून हेपटायटिस ए पसरला होता. म्हणून जोडीला दुसरा टप्पा हवा: 80 अंशांवर 72 तास कोरडी उष्णता किंवा नॅनोफिल्टर (विषाणू अडवणारी अतिसूक्ष्म गाळणी). पार्व्हो यालाही कधी कधी पुरून उरतो, तेव्हा धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही.

बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात असे दोन वेगळे टप्पे दिलेत का, ते डॉक्टरांना दाखवून खात्री करा. प्रत्येक डोसचा बॅच नंबर वहीत लिहून ठेवा. हेपटायटिस ए आणि बी च्या लसी राहिल्या असतील तर त्याबद्दलही विचारा. मात्र रक्तस्राव सुरू असेल आणि फॅक्टर मिळतच नसेल, तर डॉक्टर देतील ते क्रायो घ्या, थांबू नका.